जावा गाडीची आणि शरयूची व्यवस्था

मी, मार्तंड नरहर राजूरकर, वय बासष्ट, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालेला आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा, राहणार जुना जालना, सकाळच्या उजेडात स्वतःच्या टेबलाशी बसून माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवीत आहे. मला कोणी भाग पाडलेले नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही, म्हणूनच हा कागद. डॉक्टर संपत जाधव यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी मला ‘सुज्ञ व सावध’ म्हटले आहे. तो वाचून दाखवला तेव्हा माझी पत्नी शरयू हसली.

शरयू समोर खाटेवर आहे. तिला मान वळवता येत नाही म्हणून टेबल तिच्या नजरेच्या टप्प्यात ओढून घेतले आहे. ओढले म्हणजे पुष्पाबाईंनी ओढले. मला वजन उचलायला मनाई आहे. पुष्पाबाई कोण ते पुढे येईल. प्रत्येक कलम लिहून झाले की मी शरयूला वाचून दाखवणार आहे आणि तिची हरकत असेल तर ती जागच्या जागी नोंदवणार आहे. वकिलांनी असे करू नका म्हणून सांगितले. पण घर आम्हा दोघांचे आहे, वकिलांचे नाही.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला एक पत्नी, एक मुलगी तारा (लग्न होऊन पुण्यास) आणि एक धाकटा भाऊ वसंता (भोकरदन) एवढीच माणसे आहेत. कोणाचे देणे नाही.

कलम २. घर. एकोणीसशे एक्याऐंशीत जालना जिल्हा नवा झाला आणि औरंगाबादहून माझी इकडे बदली झाली. दोन वर्षांनी ही जागा घेतली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगण, आणि अंगणाच्या कडेला रस्त्याला लागून पत्र्याची शेड. सर्व स्वकष्टार्जित आहे. हे सर्व शरयूच्या पूर्ण मालकीचे होईल. तिच्यानंतर ताराचे. बँकेत जे आहे ते व पेन्शन शरयूला. त्याचे आकडे बँकेला ठाऊक आहेत, इथे लिहून कागद वाढवीत नाही.

शरयू म्हणाली, “बराबर आहे. पुढं.”

कलम ३. माझा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, गुण्या, शाईच्या पेनांचा डबा आणि गुंडाळून ठेवलेले कोरे ट्रेसिंग कागद ताराला. तिला त्यांचा काही उपयोग नाही हे मला माहीत आहे. लहानपणी त्या बोर्डाखाली बसून ती भातुकली खेळायची. पुण्याच्या घरात जागा नसेल तर बोर्ड नेऊ नये. वाईट वाटून घेऊ नये.

कलम ४. शेडमधील सर्व हत्यारे, म्हणजे पाने, पक्कड, वाइस, ड्रिल मशीन, बेअरिंग काढायचा पुलर आणि नावे मला अजून नीट न येणारी इतर लोखंडी सामग्री, पुंजाराम मिस्त्री यांना द्यावी. पुंजारामचे गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. त्याच्याकडे हे सगळे आधीपासूनच आहे, तरी द्यावे. माझ्या शेडमध्ये तो जितके दिवस आला तितके दिवस त्याचे स्वतःचे गिऱ्हाईक ताटकळले. मी नकाशे सुंदर काढतो आणि नट उलट्या बाजूला फिरवतो. पुंजाराम नट बरोबर फिरवतो आणि एकही काम दिलेल्या दिवशी देत नाही. दोघांच्या मिळून एका गाडीला किती काळ लागला असेल ते वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

कलम ५. भाऊ वसंता यास वडिलांच्या पितळी समया द्याव्यात. त्याचा त्यांच्यावर पहिल्यापासून डोळा आहे. शेतीत त्याचे चांगले चालले आहे, आणखी काही देण्याची गरज नाही. मात्र नोंद राहावी की आम्ही नव्वद साली आठ दिवस गावाला गेलो असताना त्याने माझ्या शेडमध्ये सरकीची पोती ठेवायला जागा करावी म्हणून माझ्या जावा मोटारसायकलची टाकी आणि दोन्ही सायलेन्सर भंगारवाल्याला देऊन टाकले. “गंजून चाललं होतं दादा, मी तर साफसफाई केली,” असे तो म्हणाला. ती टाकी गंजलेली नव्हती. मरून रंगाची, बाजूंना चकचकीत पट्टे असलेली टाकी होती. तशी दुसरी शोधायला मी नांदेड आणि हैदराबाद केले, आणि मिळाली तिला पोचा होता. त्याबद्दल मी वसंताला माफ केलेले नाही.

शरयूची हरकत: “मेल्यावर हे लिहिलेलं वाईट दिसतं. काढा.”

मी म्हणालो, “राहू दे.”

“मग समया तरी देऊ नका. एकीकडं समया आणि एकीकडं शिव्या.”

दोन्ही राहू दिले आहे.

कलम ६. जावा मोटारसायकल. ही गाडी आता हयात आहे, तिच्याबद्दल लिहिणे भाग आहे, आणि तिच्याबद्दल लिहायचे तर शरयूच्या आजाराबद्दल लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

गाडी सहासष्ट सालची. एका आडत दुकानदाराच्या मुलाकडून मी ती ब्याऐंशीत घेतली. शरयू तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. सुट्टीच्या दिवशी आम्ही राजूरच्या गणपतीला जायचो, परतूरला तिच्या माहेरी जायचो. पुढे तारा मोठी झाली, तिघांना गाडी पुरेना, इंजिनही खडखडायला लागले, तेव्हा स्कूटर घेतली आणि जावा पोत्याखाली शेडमध्ये गेली.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्याआधी शरयूच्या हातून खडू पडायला लागला. मग ती सपाट जमिनीवर पडायला लागली. शाळेच्या पायऱ्या चढताना मुली तिचा हात धरायच्या आणि तिला ते आवडायचे नाही. औरंगाबादच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या आणि शेवटी मला बाजूला घेऊन सांगितले की स्नायू हळूहळू दुबळे होत जातील, कुठून कुठे जातील आणि किती वेगाने जातील ते कोणी सांगू शकत नाही, आणि याला औषध नाही.

मी विचारले, “मग आम्ही काय करायचं?”

ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, “बस, खुश रखिए इनको.”

मी आयुष्यभर पुलांचे, शाळाखोल्यांचे, आरोग्य केंद्रांचे नकाशे काढले. काम कुठून सुरू करायचे आणि कुठे संपवायचे हे कागदावर दिसल्याशिवाय मला काही सुचत नाही. खुश रखिए याचा नकाशा कसा काढायचा? घरी परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजेवरच होतो. शेडमध्ये गेलो आणि जावावरचे पोते ओढून काढले. का काढले ते मला तेव्हा सांगता आले नसते. त्या दिवशी हाताला काहीतरी लागायला हवे होते, एवढेच.

शरयू दारात येऊन उभी राहिली. भिंतीला धरून का होईना, तेव्हा ती उभी राहायची. “हे काय काढलंत?”

“चालू करतो. तुला फिरवून आणतो.”

ती गाडीकडे बघून म्हणाली, “टाकी कुठंय?”

अशी सुरुवात झाली. इंजिन उघडले तर आत काळा गाळ. क्रँकचे बेअरिंग गेलेले, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या. कचेरी सुटली की मी शेडमध्ये जायचो. शरयू दारात खुर्ची टाकून वह्या तपासायची आणि मला मधूनमधून विचारायची, “आता काय तुटलं?” गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा सगळी शेड निळ्या धुराने भरली. पुंजाराम खोकत खोकत बाहेर पळाला आणि ओरडला, “साहेब, तेल जास्त झालं पेट्रोलमधी! पण वाजून तर राह्यली ना!” गल्लीतले लोक जमा झाले. मी शरयूकडे पाहिले. ती खुर्चीतून उठायचा प्रयत्न करीत होती आणि तिला उठता येत नव्हते. गाडी उभी राहिली त्याच महिन्यात तिचे उभे राहणे गेले.

मग मागच्या सीटला मी पाठ बसवली. लोखंडी पाइपची, वर फोमची, आणि कमरेला पट्टा. त्यावर बसवून तिला गल्लीच्या तोंडापर्यंत नेले. पट्टा धरून राहिला, पण तिचे धड एका बाजूला कलत गेले, आणि तिने घाबरून नाही, अगदी शांतपणे म्हटले, “अहो, मी पडतेय.” मी थांबलो. पुंजाराम धावत आला. आम्ही दोघांनी तिला उतरवले. ती पाठ मी दुसऱ्या दिवशी काढून टाकली.

त्यानंतर साइडकार. तिचा नकाशा मी केला तो आजही माझ्याजवळ आहे आणि तो माझ्या नोकरीतल्या कोणत्याही नकाशापेक्षा चांगला आहे. तीन बाजूंची दृश्ये, प्रत्येक जोड मोठा करून दाखवलेला. पुंजारामने पाइप वाकवले, जोड मारले, जुन्या फियाटची सीट बसवली, मी पत्र्याला मरून रंग दिला. सगळे जोडून झाल्यावर मी गाडीवर बसलो, किक मारायला डावा पाय उचलला आणि पाय साइडकारच्या पत्र्यावर आदळला. जावाची किक डाव्या बाजूला असते. साइडकारही डाव्या बाजूला. हे मला कागदावर दिसले नाही आणि पुंजारामलाही लोखंडात दिसले नाही.

“आता?” मी म्हणालो.

“आता काय. कापायचं,” तो म्हणाला.

कापून, बाहेर सरकवून, पुन्हा जोडायला सहा महिन्यांवर गेले. तेवढ्यात शरयूचे दंड गेले. आता तिला दोन्ही बाजूंनी उशा लावल्याशिवाय बसता येईना. सीट पुन्हा काढली, मागे झुकवली, डोक्याला आधार केला. मी एक गोष्ट करून आणायचो तोवर आजार पुढे गेलेला असायचा. दरवेळी मला वाटायचे, या वेळी गाठतो.

पुष्पाबाई याच काळात आमच्याकडे आल्या. परतूरकडच्या खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या, नवरा गेल्यावर मुलीकडे जालन्याला आलेल्या. आठ वर्षे झाली, शरयूचे न्हाणे, भरवणे, कूस बदलणे त्या करतात. मी इतकी वर्षे गाडी करत होतो, त्या शरयूचे करत होत्या, असे म्हटले तरी चालेल.

नव्व्याण्णवच्या थंडीत परतूरहून शरयूच्या भावाचा निरोप आला, आई फार थकली आहे, तुझे नाव घेते. माझ्या सासूबाई तुळजाबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या आणि दोन्ही डोळ्यांनी त्यांना दिसत नव्हते. शरयूच्या आजाराचे आम्ही त्यांना कळू दिले नव्हते. एसटीच्या पायऱ्या शक्य नव्हत्या, रेल्वेच्या त्याहून नाहीत. भाड्याची जीप आणली तर तिच्या सीटवर शरयू कशीच बसेना, घसरून खाली यायची. जीपवाला कंटाळून निघून गेला. तेव्हा शरयूच म्हणाली, “तुमची ती गाडी झालीय ना? तिच्यातच न्या.”

पुष्पाबाईंनी तिला उशांत रोवली आणि म्हणाल्या, “ताई, गच्च बसा. हलू नगा बरं का.”

“हलायचं कुठं जमतंय मला,” शरयू म्हणाली, आणि त्या दोघी इतक्या हसल्या की मला चावी सापडेना.

पुष्पाबाई मागच्या सीटवर, शरयू साइडकारमध्ये, मी पुढे. वाटूर फाट्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. प्लग काढला, पुसला, बदलला, किक मारल्या. काही नाही. ऊन डोक्यावर आले होते. पुष्पाबाई पाणी आणायला शेतातल्या विहिरीकडे गेल्या होत्या. मी इंजिनाशी वाकलेलो असताना शरयू म्हणाली, “अहो.”

“थांब, होईल आता.”

“गाडीचं न्हाई. माशी बसलीय. डोळ्यापाशी.”

माझे हात काजळीने आणि तेलाने काळे होते. मी मनगटाने माशी उडवली तर तिच्या गालावर काळा पट्टा उमटला. पुसायला गेलो तर तो पसरला. ती म्हणाली, “राहू द्या. आईला कुठं दिसतंय.” मी रस्त्याच्या कडेला तिच्या चाकाशी बसलो. तोवर इतके दिवस मी तिच्यासाठी काही करतो आहे असे मला वाटत होते. तिथे मातीत बसल्यावर दिसले की मी फक्त करतो आहे.

शेवटी कापसाचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर पोरगेलासा होता. “काका, ढकलून पाहू का? दुसऱ्या गिअरमधी टाका, मंग क्लच सोडा.” त्याने आणि क्लीनरने ढकलले आणि गाडी सुरू झाली. त्यांना हात करायलासुद्धा मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बंद पडली असती.

परतूरला शरयूला उचलून आईच्या पलंगाला लावून खुर्चीत बसवले. सासूबाईंनी आवाज ओळखला.

“आलीस का गं? लांब का बसलीस? जवळ ये.”

त्यांच्या पलंगाला तिचे गुडघे टेकलेले होते. “जवळच आहे आई,” ती म्हणाली.

“मग हात दे.”

शरयूने माझ्याकडे पाहिले. मी वाकून तिच्या मांडीवरचा हात उचलला आणि आईच्या हातात ठेवला, आणि तो घसरून पडू नये म्हणून खालून धरून राहिलो. त्या दोघींच्या हातांखाली माझा काळा हात होता. सासूबाई चाचपत राहिल्या.

“असा कसा हात? जड लागतोय.”

“दमलेय. गाडीवरून आले ना.”

“ती फटफटी? अजून आहे?”

“आहे. यांनी नवी केली.”

“मग सुखात आहेस,” सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या चार दिवसांनी गेल्या. आम्ही तिथेच होतो.

(इथवर काल लिहून थांबलो.)

कलम ७. माझ्या प्रकृतीबद्दल. दोन हजार दोनमध्ये मी निवृत्त झालो तोवर शरयूचे बसणेही बरेचसे गेले होते. चाकांची, मागे कलणारी एक खुर्ची आहे, तिच्यात दिवसातून थोडा वेळ. म्हणून मी साइडकारची सीट काढून तिथे झोपून जाता येईल अशी लांब चौकट करायला घेतली. वर कापडी छत, खाली स्प्रिंगा. नकाशा पूर्ण झाला, पाइप वाकवून झाले.

दोन हजार चारच्या दिवाळीआधी एका दुपारी पुष्पाबाई गिरणीवर दळण आणायला गेल्या होत्या. शरयूची खुर्ची अंगणात, शेडच्या आतल्या दारात लावलेली होती. मी इंजिन बरेच दिवस बंद होते म्हणून किक मारून पाहत होतो. छातीत काहीतरी घट्ट आवळले आणि मी गाडीला धरता धरता खाली आलो. शुद्ध होती, पण हात उचलत नव्हता, बोलता येत नव्हते. समोर शरयू. तिने सगळे पाहिले.

ती हाक मारायला लागली. “पुष्पा.” तिचा आवाज तोवर फार बारीक झाला होता, खाटेपासून स्वयंपाकघरात जाईल एवढाच. “पुष्पा. अहो कोणीतरी.” शेडचे रस्त्याकडचे शटर बंद होते. पलीकडून माणसे जात होती, सायकलची घंटी ऐकू येत होती, कोणी रिक्षावाल्याशी भांडत होते. त्यांतल्या कोणालाही ती हाक ऐकू गेली नाही. मला सगळी ऐकू येत होती. ती दर वेळी आधीपेक्षा लहान होत होती. मग ती गप्प झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिलो. दोघांनाही एकमेकांसाठी काही करता येत नव्हते आणि दोघांनाही ते समजत होते.

पुष्पाबाई डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आल्या आणि डबा जिथल्या तिथे सोडून रस्त्यावर पळाल्या. “आवो धावा! साहेब पडले!” तो आवाज जुन्या जालन्यात कुठेही पोचला असता. मी वाचलो. डॉक्टर जाधव म्हणतात ऑपरेशनला हृदय पेलणार नाही. गोळ्या घ्यायच्या आणि जपून राहायचे. तेव्हापासून मी किक मारलेली नाही आणि शरयूला उचललेले नाही.

कलम ८. शरयूची व्यवस्था. वकिलांनी विचारले, “पत्नी कोणाच्या ताब्यात देणार?” माणूस मृत्युपत्रात लिहून देता येत नाही, हे वकिलांना ठाऊक असायला हवे. पण प्रश्न खरा आहे. ताराला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, आईला मी घेऊन जाते.” मग म्हणाली, “तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही. मी आठला बाहेर पडते ते सातला येते.” आणि रडायला लागली. मी म्हणालो, “रडू नकोस.” ताराचा यात काही दोष नाही, हे मी या कागदावर मुद्दाम लिहितो.

कलम ९. अर्धवट राहिलेली साइडकारची चौकट पुंजाराम मिस्त्री यांनी माझ्या नकाशाबरहुकूम पूर्ण करावी, गाडी चालू स्थितीत ठेवावी, आणि हवा चांगली असेल त्या दिवशी शरयूला त्यात झोपवून मोती तलावापर्यंत फिरवून आणावे. त्यासाठी मी स्वतंत्र तरतूद करीत आहे.

हे वाचून दाखवल्यावर शरयूने डोळे मिटले. मला वाटले झोप लागली. मग म्हणाली, “हे खोडा.”

“का?”

“मला न्हाई जायचं कुठं. मला ती गाडी कधी आवडलीच न्हाई. धूर, आवाज, हाडं खिळखिळी होतात. आईकडं गेलो तेवढं सोडून.”

मी पेन खाली ठेवले. “बारा वर्षं झाली. एकदा तरी सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?”

पुष्पाबाई तिचे पाय चोळत होत्या, त्या थांबल्या.

“तुम्ही शेडमधी ठोकत बसायचात, पुंजारामवर ओरडायचात, मी दारात बसायची. ते आवडायचं,” ती म्हणाली. बोलताना तिला मध्ये थांबावे लागते. “गाडी झाली की मला भ्या वाटायचं, आता हे काय करणार. मग पुन्हा काहीतरी बिघडायचं. बरं वाटायचं.”

कलम ९ खोडले आहे. वाचता येईल अशी एकच रेघ मारली आहे.

कलम १०. हे शरयूने सांगितले आणि मी लिहून घेतले. शब्द तिचे आहेत.

“मी शरयू मार्तंड राजूरकर. मी कोणाकडं जाणार न्हाई. पुण्याला न्हाई, भोकरदनला न्हाई. मी माझ्या घरात राहीन. पुष्पा तयार असेल तर ती इथं राहील. तिला एक खोली, तिची. मी गेल्यावरसुद्धा ती राहील, तिला कोणी उठवायचं न्हाई. ताराला हे आधीच विचारा.”

ताराला विचारले. ती हो म्हणाली. पुष्पाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “खोली कशापायी? मी काय भाडेकरू हाये का?” शरयू म्हणाली, “लिहू दे गं, तू गप बस.” त्याप्रमाणे पुष्पाबाईंचा या घरातील एका खोलीवर त्या जिवंत असेपर्यंत राहण्याचा हक्क मी लिहून देतो.

“आणि ती शेड रिकामी करा,” शरयू पुढे म्हणाली. “माझी खाट तिथं लावा. रस्त्याकडचं शटर उघडं ठेवा. पुष्पाला दळण आणायला, औषध आणायला जावं लागतं. तेवढ्या वेळात मला काही झालं तर हाक मारता आली पायजे. ती बाहेर ऐकू गेली पायजे.”

मी म्हणालो, हे मी मेल्यावर कशाला, आत्ताच करू.

“मग आत्ताच करा. मी तुम्हाला कधी अडवलं?”

कलम ११. त्यामुळे जावा मोटारसायकल या मृत्युपत्रातून वगळली आहे. पुंजाराम काल माणसे घेऊन आला. त्याने साइडकारचे बोल्ट सोडायला घेतले तर ते सुटेनात; कापावे लागले. मी अंगणात खुर्चीत बसून पाहिले. मला मदत करता आली नाही. गाडी ढकलत नेताना त्याने विचारले, “साहेब, चालवू का ठिवू नुसती?” मी म्हणालो, “तुझी आहे.” तो गाडी घेऊन गेल्यावर पुष्पाबाईंनी जमिनीवरचे तेलाचे डाग राखेने घासले. गेले नाहीत. त्यावर खाट लावली आहे.

कलम १२. माझे अंत्यसंस्कार साधेपणाने करावेत. दहावे-तेरावे कोणी केले तर हरकत नाही, न केले तरी नाही. शरयूला स्मशानात आणण्याचा खटाटोप कोणीही करू नये. तिने मला जाताना एकदा पाहिले आहे, तेवढे पुरे.

येथवर बारा कलमे, पैकी नववे खोडलेले. सर्व मजकूर मी लिहिला, शरयूला वाचून दाखवला, आणि समजून उमजून खाली सही करीत आहे. हे मी जालना येथे, माझ्या राहत्या घराच्या शेडमध्ये, शटर उघडे ठेवून करीत आहे. साक्षीदारांना मी बोलावलेले नाही. शरयूने खाटेवरून हाक मारली. पहिली हाक रिक्षाच्या आवाजात बुडाली. तिने थोडा वेळ श्वास घेतला आणि दुसरी मारली.

दिनांक १२ फेब्रुवारी २००६
सही: मार्तंड नरहर राजूरकर

साक्षीदार १: धर्मराज किसनराव घुले, किराणा दुकान, समोरची बाजू. मी दुकानात माप करीत होतो. बाईंची हाक आली म्हणून आलो. लिहून देणाऱ्यांनी माझ्यासमोर सही केली. सही: धर्मराज घुले

साक्षीदार २: भुजंग लिंबाजी खरात, शेजारी. मी पलीकडच्या ओट्यावर होतो. मला हाक ऐकू आली नाही. धर्मराजभाऊ पळताना दिसले म्हणून मागे आलो. सही झाल्यावर बाईंनी मला परत ओट्यावर पाठवले व पुन्हा हाक मारली. तेव्हा आली. सही: भुजंग खरात